सिकलसेलचं मूल आणि आपली शाळा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टर, आरोग्यावर बोला, पण वीस मिनिटांत आटपा." बीपी, शुगर आणि सकाळचं फिरणं असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. आपली वयं बघता ते बरोबरच आहे. पण ते सांगणारे तुमच्या मोबाईलवर रोज दहा जण आहेत. मी तीस वर्षं पूर्व विदर्भातल्या सरकारी दवाखान्यांत बालरोगतज्ज्ञ म्हणून काम केलं, आणि त्यातला फार मोठा वेळ सिकलसेलच्या मुलांबरोबर गेला. अशी मुलं आज या शाळेतही बसलेली आहेत. त्यांच्याबद्दल बोलते.

आजार थोडक्यात सांगते. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात, म्हणून त्या बारीक केशवाहिन्यांतून वाकून निघून जातात. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या साखळीतला एकच दुवा, सहाव्या जागेवरचा, बदललेला असतो. प्राणवायू कमी पडला, अंगातलं पाणी कमी झालं, थंडी वाजली, ताप आला, की या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठर होतात आणि वाहिनीत अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि तिथे वेदना सुरू होतात. आपल्याकडच्या आया सांगतात, "मॅडम, पोराचे हातपाय लय फुटतात जी." पाठ्यपुस्तकातल्या अर्ध्या पानापेक्षा हे वर्णन मला नेमकं वाटतं. शिवाय निरोगी पेशी १२० दिवस जगते, तर ही १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून रक्त कायम कमी आणि डोळे पिवळट.

आईवडील दोघांकडून हा दोष आला तर मूल 'ग्रस्त', एकाकडूनच आला तर 'वाहक'. वाहक माणूस आजारी नसतो. तो शेती करतो, पोलीस भरतीत धावतो, ऐंशी वर्षं जगतो. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात ग्रस्त मूल होण्याची शक्यता २५ टक्के. प्रत्येक बाळंतपणात, हे लक्षात ठेवा. "पहिलं तसं झालं, आता पुढची तीन चांगली" असा हिशेब मी शिकलेल्या लोकांकडूनही ऐकला आहे.

हा अमुक जातीचा आजार, असं आपल्या भागात कुजबुजत बोललं जातं. तो जातीचा नाही, मलेरियाचा आहे. वाहकांना घातक मलेरियापासून संरक्षण मिळतं, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवलं. जिथे पिढ्यान्पिढ्या मलेरिया, तिथे हा दोष टिकून राहिला. आपल्याकडे जंगल, तलाव, धानाच्या बांध्या आणि हिवताप यांची सोबत किती जुनी आहे ते तुम्हाला सांगायला नको. पुण्याचे डॉ. एस. एल. काटे यांनी राज्यातल्या आदिवासी समाजांमध्ये अनेक वर्षं तपासण्या केल्या. वाहकांचं प्रमाण काही समाजांत शून्य, तर काहींत ३५ टक्क्यांपर्यंत निघालं. अनुसूचित जाती आणि इतर मागास समाजांतही तो आहे.

संशोधनाच्या बाबतीत या आजाराचं नशीब विचित्र आहे. १९१० मध्ये शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी वाकड्या पेशींचं पहिलं वर्णन छापलं. त्यांचा रुग्ण ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला एक तरुण होता. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी हा रेणूचा आजार असल्याचं सिद्ध केलं; मूळ थेट रेणूत सापडलेला हा पहिलाच आजार. भारतात १९५२ मध्ये तो निलगिरीच्या आदिवासींमध्ये आढळला आणि १९५८ मध्ये मध्य भारतातल्या वाहकांवरचा शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांचा जन्म व्हायच्या आधी आपल्या भागातलं हे दुखणं लंडनच्या मासिकात छापून आलं होतं. आपल्या गावात मात्र त्याला 'वाताचं दुखणं' म्हणत होते आणि मांत्रिकाकडे नेत होते.

पुढेही एक घोटाळा झाला. १९८०च्या दशकात ओडिशातल्या रुग्णांचा चांगला अभ्यास झाला. त्यांच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं आणि त्यामुळे आजार तुलनेने सौम्य असतो, असं त्यात दिसलं. ते खरंच होतं. पण त्यावरून 'भारतातला सिकलसेल सौम्य असतो' असं सरसकट वाक्य पुस्तकांत जाऊन बसलं. आम्ही वॉर्डात बघत होतो ती मुलं सौम्य नव्हती. वर्षातून चार चार वेळा भरती, रक्त चढवणं, न्यूमोनिया, एखाद्याला लहान वयात पक्षाघात. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विदर्भातल्या मुलांच्या नोंदी रीतसर प्रसिद्ध केल्या, तेव्हा कुठे हे वाक्य हललं. आपल्या मुलांचा अभ्यास आपल्याच मुलांवर व्हावा लागतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

त्यांनीच हायड्रॉक्सियुरियाच्या कमी डोसचा, किलोमागे १० मिलिग्रॅमचा, मुलांवर अभ्यास केला. ही गोळी रोज घेतली की गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढतं आणि दुखण्याचे झटके कमी होतात. मोठ्यांमधला याचा अमेरिकेतला पुरावा १९९५चा आहे. कमी डोस आपल्या मुलांना पुरतो हे कळल्यामुळे खर्च कमी झाला आणि रक्ततपासणीसाठी वारंवार शहरात जायची गरजही. तरी गोळी बंद पडते. का? कारण ती मुळात कॅन्सरची गोळी, आणि पाकिटातला कागद तसंच सांगतो. घरातला शिकलेला भाचा तो कागद वाचून दाखवतो आणि दुसऱ्या दिवशी गोळ्या कोनाड्यात जातात. नुसतं प्रिस्क्रिप्शन लिहून भागत नाही. त्या भाच्यालाच बोलावून अर्धा तास बसवावं लागतं.

माझ्या मते या आजारातलं सगळ्यात सुंदर संशोधन जमैकात झालं. किंग्स्टनमध्ये १९७३ ते १९८१ या काळात एक लाख नवजात बाळांची तपासणी करून सिकलसेलची मुलं शोधली आणि त्यांना वाढताना पाहिलं. लहान मुलांमध्ये कधीकधी प्लीहा, म्हणजे पाणथरी, अचानक फुगते. अंगातलं रक्त तिथे साचतं आणि मूल काही तासांत जातं. तिथल्या डॉक्टरांनी आयांना एवढंच शिकवलं: बाळाच्या डाव्या बरगडीखाली रोज हात लावून बघा, गोळा मोठा लागला तर लगेच घेऊन या. या प्रकारातले मृत्यू जवळपास एक दशांशावर आले. मी हे आमच्या ओपीडीत अंगठाछाप बायांना शिकवलं आहे. दुसऱ्या भेटीतच त्यांचा हात माझ्या ज्युनियर डॉक्टरांपेक्षा बरा चालायचा.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं उद्दिष्ट आहे. शाळाशाळांत तपासण्या होताहेत, हे चांगलंच आहे. पण दोन गोष्टी सांगते, कारण समोर शिक्षकही बसले आहेत. पहिली चाचणी नुसती 'दोष आहे' एवढंच सांगते. वाहक की ग्रस्त हे पुढच्या तपासणीत ठरतं. मधल्या काळात कुणाच्या कपाळावर शिक्का मारू नका. आणि निकाल वर्गात वाचून दाखवू नका. मी एका गावात, गावाचं नाव सांगत नाही, आठवीच्या मुलींचा निकाल फळ्यावर लिहिलेला पाहिला आहे. त्यातली एक पुढे माझ्याकडे आली, वय वीस. ती वाहक होती, म्हणजे ठणठणीत. दोन सोयरिकी मोडल्या होत्या. मुलांच्या बाबतीत हे कुणी विचारतही नाही. हिशेबाला दोघं लागतात, नाव मात्र मुलीचंच खराब होतं.

आता शाळेकडे येते. सिकलसेलच्या मुलाची मूत्रपिंडं लघवी घट्ट करू शकत नाहीत. त्यामुळे अंगातलं पाणी निघून जातं आणि ते दिवसभर भरून काढावं लागतं. म्हणजे हे मूल सारखं पाणी पिणार आणि सारखी करंगळी वर करणार. आपल्या वेळी तिसऱ्यांदा करंगळी वर केली की काय मिळायचं ते तुम्हाला आठवत असेल. वसतिगृहात हीच मुलं मोठ्या वयापर्यंत रात्री अंथरूण ओलं करतात. त्यावर अजूनही मार बसतो, आणि काही ठिकाणी संध्याकाळनंतर पाणीच बंद करतात. हे सगळ्यात वाईट, कारण पाणी बंद केलं की झटका येतो आणि मूल दवाखान्यात.

मुली तर घरूनच पाणी न पिता येतात. शाळेत जायला जागा नसते म्हणून. निरोगी मुलीला त्याचा त्रास होतोच. सिकलसेलच्या मुलीसाठी तो दिवस पुढचा आठवडा ठरवतो.

बाकी गोष्टी कठीण नाहीत. हिवाळ्यात स्वेटरचा रंग शाळेचा नसला तरी चालवून घ्या. धावण्याच्या फेऱ्या त्याला थकवा येईपर्यंतच. दुखायला लागलं तर बर्फ नको, गरम शेक आणि पाणी. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना, उद्यावर ढकलायचं नाही. आणि रोवणीच्या दिवसांत तो आठ दिवस आला नाही, तर गैरहजेरीचा शेरा मारण्यापूर्वी कुणीतरी घरी जाऊन या. थंड चिखलात दिवसभर उभं राहिलं की काय होतं ते मी दर जुलै-ऑगस्टला वॉर्डात पाहिलं आहे.

आपापल्या बॅचमध्ये पावसाळ्यात पंधरा पंधरा दिवस दिसेनासा होणारा एखादा मुलगा आठवतो का? आमच्या वर्गात होता. अंगाने बारीक, डोळे पिवळट, गणितात पहिला. त्याला 'नाटक्या' म्हणायचे. नववीनंतर तो आलाच नाही. त्याला सिकलसेल होता असं मी म्हणत नाही; तेव्हा इथे कुणी तपासलंच नव्हतं.

आज कायदा बदललेला आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांमध्ये सिकलसेल आहे. साध्या एसटीने रुग्णाला मोफत प्रवास आहे. किती पालकांना हे माहीत आहे? माझ्या अनुभवात, दाखला काढायला पहिल्यांदा सांगणारा बहुतेक वेळा कुणीतरी शिक्षकच असतो. आपल्यापैकी निम्मे लोक शिक्षक, ग्रामसेवक, तहसीलचे कारकून आहेत. एवढं तर आपल्या हातात आहे.

शेवटचा मुद्दा, आणि तो अध्यक्षांना कदाचित आवडणार नाही. आपल्या ग्रुपवर प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी वर्गणी जमते आहे, मीही दिली आहे. दुपारच्या बैठकीत तो विषय निघेल. त्याआधी, जेवण झाल्यावर, पुरुष मंडळींनी मुलांच्या मुताऱ्यांकडे एक फेरी मारून यावी. मुलींची बाजू मी सकाळीच पाहून आले. तीन दारं आहेत, त्यातल्या दोनांना कडी नाही, आणि नळ कोरडा आहे.