आधी बळ, मग वजन



परीक्षा संपल्या की गावोगावच्या जिममध्ये नवी पोरं येतात. पहिल्या आठवड्यातच त्यांच्या तोंडी दोन शब्द बसतात: बल्किंग आणि कटिंग. काही महिने भरपूर खाऊन वजन वाढवायचं, मग खाणं कमी करून चरबी उतरवायची आणि कमावलेला स्नायू उघडा करायचा. पद्धत खोटी नाही. पण आपल्या अंगाला ती कशी लावायची, याचा विचार व्हायला हवा, आणि त्यासाठीच मी आज उभा आहे.

स्नायू वाढतो तो ताणामुळे. वजन उचलताना तंतूंवर जोर येतो आणि तिथून वाढीला सुरुवात होते. पुढचे एक-दोन दिवस स्नायूत नवी प्रथिनं बांधण्याचं काम वेगानं चालतं. खाणं म्हणजे त्या बांधकामाचा माल. पण विटांचा ढीग कितीही मोठा लावला, तरी गवंडी दिवसाला ठरावीकच भिंत चढवतो. उरलेला माल शरीर फेकत नाही, चरबी करून ठेवतं. म्हणून रोजच्या गरजेवर अडीचशे-तीनशे कॅलरी पुरेशा आहेत. साठ किलोच्या मुलाचं वजन आठवड्याला दीडशे ते तीनशे ग्रॅम वाढलं, तर गाडी रुळावर आहे. महिन्यात चार किलो वाढले, तर त्यातला मोठा वाटा चरबीचा आणि पाण्याचा, हे ओळखावं.

आपल्यासाठी ही गोष्ट अधिकच महत्त्वाची. 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. उंचीच्या मानानं वजन मोजणारा बीएमआय दोघांचा सारखाच, 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के! याज्ञिकांच्या गटानं पुण्याकडची नवजात बाळं इंग्लंडमधल्या साऊथॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपलं बाळ सरासरी 2.7 किलोचं, तिथलं 3.5 किलोचं. आपल्या बाळात स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानानं राखलेली. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, हा बांधा आपण घरोघरी पाहतो.

अशा मुलाला परदेशी व्हिडिओ पाहून ‘आधी खा, मग बघू’ म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. नवशिक्याचा स्नायू जास्तीच्या कॅलरींशिवायही वाढतो. पहिल्या काही आठवड्यांत तर बळ वाढतं ते मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना कामाला लावायला शिकते म्हणून. त्यानं वर्षभर स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंचप्रेस यांची वजनं हळूहळू चढवावीत, प्रथिनं पोटभर घ्यावीत आणि सात-आठ तास झोपावं. खरोखर किडकिडीत असेल त्यानंच जास्तीचं खावं. मुलींनाही हाच नियम.

कटिंगमध्ये रोज पाचशे कॅलरी कमी केल्या, की आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरतो. याहून फार घाई केली तर चरबीबरोबर स्नायूही जातो. पुष्कळ जण या काळात वजनं हलकी करून नुसते रेप्स, म्हणजे उचलण्याच्या आवृत्त्या, वाढवतात. तिथंच घात होतो. जड वजन पेलायचं नसेल, तर शरीर स्नायू कशासाठी सांभाळेल? सेट थोडे कमी करा, वजन शक्य तितकं राखा.

प्रथिनांचा हिशोब अंगाच्या दर किलोला सुमारे 1.6 ग्रॅम. साठ किलोला 96 ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, अंड्यात सहा, पेलाभर दुधात आठ, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा, पन्नास ग्रॅम कोरड्या सोयावडीत पंचवीस. नुसत्या वरणभातावर हा आकडा गाठता येत नाही, पण पावडरीच्या डब्याशिवाय जरूर गाठता येतो. स्नायू फुगवणारी इंजेक्शनं आणि अंगातलं पाणी उतरवणाऱ्या गोळ्या यांच्या वाटेला कुणी जाऊ नका. त्यांनी हृदय आणि मूत्रपिंडं कायमची निकामी होऊ शकतात.

कोल्हापूरच्या तालमीतला दूध, तूप, थंडाईचा खुराक आपल्याला ठाऊक आहे. पण त्यामागे पहाटेपासूनचे जोर, बैठका आणि मातीतली लढत असते. खुराक उचलला आणि मेहनत मागे ठेवली, तर पोटच सुटणार. आणि पैलवान म्हणजे आडदांड देह, असंही नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीत 57 किलो वजनगटात उतरले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले.

तरुण मित्रांनो, एक वही करा. तिच्यात दर आठवड्याला तीन आकडे लिहा: उचललेलं वजन, कंबरेचा घेर आणि अंगाचं वजन. पहिला आकडा चढत असेल आणि दुसरा जागेवर असेल, तर तिसऱ्याची अजिबात घाई करू नका.