मावळात आपले स्वागत

अध्यक्षमहाराज, देशभरातून आलेले मत्स्य-अभ्यासक, धरणांवर मासेमारी करणारे माझे बांधव आणि लोणावळेकर मंडळी,

कुरवंड्याला उगम पावणाऱ्या इंद्रायणीच्या काठी आपले मनःपूर्वक स्वागत. कार्ले-भाजे, लोहगड आपण पाहालच. मी सांगणार आहे तळेगावच्या पैसा फंडाविषयी. तो उभारणाऱ्या अंताजी दामोदर काळे यांचे नाव आज मावळातल्या मुलांनाही ठाऊक नाही, याची मला फार खंत वाटते. माणशी वर्षाला एक पैसा, एवढेच त्यांचे मागणे. लोकमान्यांचे पाठबळ लाभले आणि १९०८ मध्ये तळेगावात काच कारखाना उभा राहिला. परदेशात काचविद्या शिकलेल्या ईश्वरदास वार्ष्णेयांनी तिथली भट्टी सांभाळली. इथे हात बसलेले कारागीर पुढे देशभर गेले. प्रयोगशाळेत मासे ठेवलेली काचेची बरणी दिसली की मला तळेगावच आठवते.

माशांबद्दल आपल्यासमोर मी काय बोलावे! मुळा-मुठेतल्या खुद्री महाशीरची शास्त्रीय नोंद कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये केली. टाटांच्या वळवण केंद्रातून तिचे बीज देशभर गेले, याचा आम्हाला अभिमान आहे. मात्र कावेरीत सोडलेल्या खुद्रीमुळे तिथला मूळचा कुबड्या महाशीर मागे हटला, असे अभ्यासक सांगतात. म्हणून एक कळकळीची विनंती. आधी कोणाला वाचवायचे हे ठरवताना एकट्या मोठ्या माशाकडे पाहू नका. पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्यातल्या निम्म्याहून अधिक जाती जगात दुसरीकडे नाहीत. हनुवटीखालच्या चकतीने खडक धरून धारेत टिकणारा मल्या, गोट्यांखाली दडणारा मुरा यांचीही नावे यादीत वर असू द्या. ओढ्यात बंगल्यांचे सांडपाणी उतरले की त्यांनी जायचे कुठे?

व्यवस्थेत उणिवा आहेत, त्याबद्दल क्षमा असावी. सुट्टीच्या गर्दीमुळे सर्वांची सोय एका ठिकाणी झाली नाही. काहींना खंडाळ्यातून यावे लागते. पाहुण्यांसाठी खोल्या मोकळ्या ठेवणारे हॉटेलवाले, प्रत्येक पिशवीत पुडा घालणारे चिक्कीवाले, पहाटेपासून भाकऱ्या थापणाऱ्या बचत गटाच्या भगिनी, बाकडी देणारी शाळा, आणि नाव सांगू नका म्हणत पाकीट ठेवून गेलेले व्यापारी, सर्वांचा मी ऋणी आहे.

उद्या सकाळी सातला कुरवंड्याकडे गाड्या निघतील. दगड निसरडे आहेत, जुन्या चपला घालून या.