भीती संपते तिथे हक्क संपतो

मी ग्वाल्हेरचा. घरी मराठी बोलतो, कोर्टात हिंदी, आणि वीसेक वर्षं फौजदारी वकिली करतोय. आमच्या ग्वाल्हेर-चंबळ पट्ट्यात बंदुकीचा परवाना जितका गरजेचा, तितकाच मानाचा. लोक मला हमखास विचारतात, "वकीलसाहेब, परवाना आहे. कोणी अंगावर आलं तर गोळी घालता येईल ना?"

परवाना बंदूक बाळगण्याचा असतो. गोळी योग्य होती की नाही, हे वेगळा कायदा ठरवतो. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४. १ जुलै २०२४ पूर्वी हीच तरतूद दंड संहितेत ९६ ते १०६ या कलमांत होती.

ती कलमं मला पाठ होती. पण ती खरी कळली एका रात्री. मुरैन्याहून परत येताना मी एका टपरीवर चहाला थांबलो होतो. मोटरसायकलवरून दोघं आले. एकाने गावठी कट्टा माझ्या छातीला लावला, दुसऱ्याने बॅग हिसकावली. कमरेला रिव्हॉल्व्हर असून मी काहीच करू शकलो नाही. ते वळले, गाडीवर बसले, तेव्हा माझा हात हलला. रिव्हॉल्व्हर बाहेर आलं. वीस पावलांवर त्यांची पाठ होती.

मी गोळी झाडली नाही. कायदा आठवला म्हणून नाही हं. टपरीवरचा पोरगा घाबरून नेमका मध्ये आला, म्हणून.

त्या रात्री झोप लागली नाही. मी स्वतःलाच अशील मानून उलटतपासणी घेतली. कट्टा छातीवर होता तेव्हा मला मृत्यूची रास्त भीती होती. कलम ३८ प्रमाणे तेव्हा मी गोळी झाडली असती आणि तो मेला असता, तरी तो बचाव ठरला असता. पण दहा सेकंदांनी? कलम ४३ सांगतं, जबरी चोरीत हा हक्क तात्काळ मृत्यूची, इजेची किंवा अडवलं जाण्याची भीती असेपर्यंतच टिकतो. ते तर पळत होते. माझ्याकडे उरला होता फक्त राग. शवविच्छेदनाच्या अहवालात "गोळी पाठीत" असं आलं असतं, तर मी न्यायाधीशांना काय सांगणार होतो?

आणि तो पोरगा? निरपराध माणसाला धोका पोचेल अशी कृती करायची मुभा कलम ४४ देतं, पण जीवघेणा हल्ला चालू असेल आणि दुसरा मार्गच नसेल तेव्हा. माझ्या बॅगेसाठी नाही.

दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजू सांगितल्यात. संकटात सापडलेल्याने भ्याडासारखं पळावं, अशी कायद्याची अपेक्षा नाही. त्या क्षणी त्याने सोन्याच्या काट्यावर तोलून वार करावा, अशीही नाही. पण हा हक्क बचावाचा आहे, सूडाचा नाही. आणि बचाव होता हे दाखवायची जबाबदारी आरोपीवरच येते. संशयापलीकडे सिद्ध करावं लागत नाही, पण तसं घडलं असणं अधिक संभवनीय आहे, हे दाखवावं लागतं.

म्हणून परवाना घेणाऱ्या प्रत्येकाला मी तीन गोष्टी सांगतो. पोलिसांपर्यंत पोचायला वेळ असेल, तर कलम ३७ प्रमाणे हक्कच उरत नाही. आधी ११२ लावा. धमकावायला शस्त्र बाहेर काढू नका. रस्त्यात ते परजणं किंवा हवेत बार काढणं शस्त्र नियमांनुसार मना आहे. आणि गोळी झाडावीच लागली, तर तिथून पसार होऊ नका. जखमीला मदत मिळवून द्या, पोलिसांना स्वतः कळवा.

माझी बॅग परत मिळाली नाही. आत खटल्याचे कागद होते आणि अठरा हजार रुपये. तो पोरगा मात्र अजून त्याच टपरीवर आहे. मुरैन्याला गेलो की मी तिथेच थांबतो. त्याला यातलं काही माहीत नाही. तो फक्त विचारतो, "साखर कम?"