छोट्या मालवाहू गाडीची निगा : पाटे आणि सायलेन्सर



प्रवरेच्या काठी वसलेले नेवासा हे ज्ञानेश्वरीच्या निर्मितीचे स्थान म्हणून साऱ्या महाराष्ट्राला वंदनीय आहे. या तालुक्याची दुसरी ओळख शेतमालाची आहे. मुळा धरणाच्या कालव्यांनी भिजणारी जमीन, सोनई व भेंडे येथील सहकारी साखर कारखाने, घोडेगावचा कांदाबाजार आणि तालुक्यातून जाणारा अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर महामार्ग यांमुळे येथे मालाची ने-आण वर्षभर चालू असते. एके काळी बैलगाडीने बाजारात येणारा माल आता बव्हंशी ट्रॅक्टर आणि छोट्या मालवाहू गाड्यांतून येतो. टाटा मोटर्सने २००५ साली सुमारे साडेसातशे किलो भारक्षमतेची ‘एस’ ही गाडी बाजारात आणली आणि ‘छोटा हत्ती’ या नावाने ती खेडोपाडी परिचित झाली. त्याहून मोठ्या पिकअप गाड्याही आज गावोगावी दिसतात. अनेक ग्रामपंचायतींची घंटागाडीही याच जातीची असते.

या गाडीचे दोन भाग असे आहेत की त्यांची निगा कमी आणि त्यांत फेरफार मात्र फार होतो. एक म्हणजे भार पेलणारे पाटे व शॉकअप, आणि दुसरा म्हणजे धूर बाहेर नेणारा सायलेन्सर. निगा आणि फेरफार यांतील भेद ओळखणे, हाच या विषयाचा गाभा होय.

पाटे वाढविल्याने क्षमता वाढत नाही

मागच्या आसावर एकावर एक रचलेले पोलादी पाटे गाडीचा भार पेलतात. गाडी भाराने बसू लागली की मालक गॅरेजमध्ये जाऊन एक-दोन पाटे वाढवून घेतो. गाडी उंच राहते, आणि तिची ताकद वाढली असा समज होतो. वस्तुतः वाढतो तो केवळ पाट्यांचा ताठरपणा. आस, चाकांच्या बेअरिंगा, टायर, चासी आणि ब्रेक हे सारे पूर्वीचेच राहतात. पूर्वी जी गाडी खाली बसून ‘आता पुरे’ असे सांगत होती, तिची ती जीभच जणू कापली जाते.

ब्रेकच्या बाबतीत हा धोका अधिक सूक्ष्म आहे. काही गाड्यांत मागच्या आसाशी जोडलेली एक झडप असते. भाराने गाडी खाली बसली की ही झडप मागच्या ब्रेकला अधिक दाब पोहोचू देते आणि गाडी रिकामी असली की तो कमी करते. पाटे कडक केले म्हणजे भरलेली गाडीही रिकामीसारखी उंच राहते. झडप फसते, आणि जेव्हा ब्रेकची सर्वाधिक गरज असते तेव्हाच मागच्या चाकांना दाब कमी मिळतो. महामार्गाच्या उतारावर किंवा फाट्यावरच्या वर्दळीत याचे मोल जीवाने चुकवावे लागते. उलटपक्षी, अशी गाडी रिकामी धावते तेव्हा कडक पाट्यांमुळे मागची चाके खड्ड्यांवर उसळतात आणि त्यांची रस्त्यावरील पकड सुटते.

मग गाडीची खरी क्षमता कशी ओळखावी? याचे उत्तर शेतकऱ्याच्या खिशातच असते. बाजारात किंवा कारखान्यावर भरलेली गाडी वजनकाट्यावर चढते आणि काटापावती मिळते. त्या पावतीवरील भरलेल्या गाडीचे वजन आणि नोंदणीपत्रावर लिहिलेले कमाल एकूण वजन एवढे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. पहिला आकडा दुसऱ्याहून मोठा असेल, तर उपाय पाटा नव्हे, दुसरी खेप हा होय.

पाट्यांची निगा

पाट्यांची निगा मात्र अवश्य राखावी, आणि ती फारशी खर्चिक नाही. पावसाळ्यात काळा चिखल पाट्यांच्या खाचांत वाळून बसतो व गंज धरतो, म्हणून गाडी धुताना खालची बाजूही धुवावी. पाटे आसाला घट्ट धरून ठेवणारे यू-बोल्ट सैल झाले की मधल्या बोल्टवर ताण येऊन तो तुटतो, आस जागेवरून सरकते आणि गाडी तिरकी धावू लागते. यास्तव नवे पाटे बसविल्यावर काही अंतर चालवून हे बोल्ट उत्पादकाने सांगितलेल्या मापाने पुन्हा आवळून घ्यावेत. पाट्याच्या टोकाचे बुश झिजले की खटखट आवाज येतो. एका बाजूचा पाटा तुटल्यास दुसरी बाजूही तपासावी आणि दोन्ही बाजू समान ठेवाव्यात. ग्रीस कोठे लावावे व कोठे लावू नये हे गाडीच्या पुस्तिकेवरून ठरवावे.

बसलेला पाटा गॅसने तापवून वाकविण्याची युक्ती टाळावी. पोलादाला दिलेले पाणी बेताल तापविण्याने उतरते, हे गावच्या लोहारालाही ठाऊक आहे. शॉकअपविषयीही एक गैरसमज आढळतो. शॉकअप मुख्यतः भार पेलण्यासाठी नसून पाट्यांचे हेलकावे शमविण्यासाठी असतो. त्यातून तेल झिरपताना दिसले किंवा खड्ड्यानंतर गाडी बराच वेळ झुलत राहिली, तर तो बदलावा.

सायलेन्सर : गावाच्या श्वासाचा प्रश्न

सायलेन्सर कापल्याने गाडी जोरात पळते ही समजूत खुळी आहे. वाढतो तो मुख्यतः आवाज, आणि त्याचा त्रास शाळेतील मुलांना, आजाऱ्यांना व वृद्धांना होतो. इंजिनापासून मागच्या टोकापर्यंतची नळी अखंड असावी. जोडावर काजळीचा डाग दिसला किंवा फुसफुस आवाज आला, तर तेथे गळती आहे असे समजावे. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो आणि वासही नसतो. तो चालकाच्या केबिनमध्ये शिरला तर त्याला न कळत भोवळ येऊ शकते.

धुराचा रंगही बोलका असतो. डिझेल गाडीचा काळा धूर बहुधा तुंबलेले एअर फिल्टर, बिघडलेले इंजेक्टर किंवा अतिभार यांकडे बोट दाखवितो. निळसर धूर इंजिन ऑइल जळत असल्याची खूण असते.

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ ही मानके लागू झाली. या मानकांच्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात सामान्यतः काजळी अडविणारी गाळणी असते. साठलेली काजळी जळून जाण्यासाठी गाळणीला पुरेशी उष्णता लागते, आणि ती गाडी सलग धावल्यानेच सहज मिळते. गल्लोगल्ली थांबत फिरणाऱ्या घंटागाडीची गाळणी म्हणूनच लवकर तुंबते. समोरचा इशारा-दिवा लागताच पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग चालवावी. या वेळी धुराची नळी फार तापते. अशी गाडी कडब्याच्या गंजीजवळ किंवा वाळलेल्या गवतावर उभी करू नये. गाळणी काढून टाकणे हा उपाय नव्हे. तसे केल्यास जी काजळी गाळणीत अडली असती, ती दारोदार कचरा घेताना माणसांच्या नाकातोंडात जाते.

कायदा आणि पंचायतीचे कर्तव्य

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या सुधारणेने अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. त्याच सुधारणेने अतिभारासाठी वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये दंड ठरविला. परंतु केवळ दंडाच्या भयाने पाळलेला नियम नाक्यापुरताच टिकतो. कारण समजून पाळलेला नियम गाडीबरोबर रस्ताभर चालतो.

ग्रामपंचायतींनी आपल्या घंटागाडीपासून प्रारंभ करावा. एक साधी नोंदवही ठेवून तीत यू-बोल्ट, बुश, शॉकअप, धुराची नळी आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्राची मुदत यांची दरमहा नोंद करावी. दुरुस्तीच्या देयकात ‘पाटे वाढविले’ असा शब्द आढळल्यास सदस्यांनी त्याचे कारण विचारावे. शिक्षकांना तर पदार्थविज्ञानाचा धडा फळ्याबाहेर नेण्याची ही संधीच आहे. भार, दाब, घर्षण आणि ज्वलन हे चारही विषय शाळेसमोर उभ्या असलेल्या गाडीत मुलांना प्रत्यक्ष दाखविता येतील. ज्या घरची गाडी आहे, त्या घरच्या मुलाने काटापावती आणि नोंदणीपत्र शेजारी ठेवून वडिलांना एक प्रश्न विचारला, तरी त्या धड्याचे चीज झाले असे म्हणता येईल.