फडताळातले स्वरधन

(नवापूर येथे संगीतप्रेमी पालक व विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा सारांश)



1977 साली 20 ऑगस्ट आणि 5 सप्टेंबर या दोन दिवशी अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ ही दोन याने अवकाशात सोडली. प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे आणि तीवरील जगभरच्या निवडक संगीतात सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. मात्र तबकडी सिद्ध करणाऱ्या मंडळींना ही ध्वनिमुद्रिका सहजासहजी मिळाली नव्हती. बाजारातून ती नाहीशी झाली होती. अखेर न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या घरगुती उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या या गायिकेचा स्वर परमुलखातल्या टेबलाखाली मिळाला, याचा आनंद जरूर मानावा; पण आपल्या गावच्या फडताळांत काय पडून आहे, हा प्रश्नही त्यासोबत स्वतःला विचारावा.

आपले गायन ही मुळात गुरुमुखातून मिळणारी विद्या. गुरू गेला आणि शिष्याने पूर्ण घेतले नसले, की बंदिशही गेली. हा धोका पंडित विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांनी ओळखला. पेशाने ते वकील. मुंबईच्या पारशी मंडळींनी चालविलेल्या ‘गायन उत्तेजक मंडळी’त त्यांचा संगीताभ्यास वाढला. पुढे त्यांनी देशभर प्रवास केला, जुन्या ग्रंथसंग्रहांतील संस्कृत हस्तलिखिते धुंडाळली, घराणेदार उस्तादांपुढे नम्रपणे बसून चिजा मिळविल्या आणि स्वरलिपीत उतरविल्या. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती क्रमिक पुस्तकमालिके’चे 6 भाग हे त्या तपश्चर्येचे फळ. दुसरे तपस्वी पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. त्यांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि स्वतःची स्वतंत्र स्वरलिपी घडविली.

जुनी पुस्तके हाताळणाऱ्याने येथे एक सावधगिरी बाळगावी. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचे टिंब तार सप्तक दाखविते आणि खालचे टिंब मंद्र. पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचे टिंब मंद्र सप्तकाचे, तर तार सप्तकासाठी उभी रेघ असते. कोमल स्वराला भातखंडे खाली आडवी रेघ देतात, पलुस्कर हलन्ताची खूण करतात. पुस्तक कोणत्या पद्धतीचे हे न पाहता गायला बसले, तर अख्खी चीज भलत्याच सप्तकात जाईल. म्हणून आरंभीचे चिन्हांचे पान आधी वाचावे.

तरीही लिपीला मर्यादा आहेच. दरबारी कानड्यातला गंधार कागदावर केवळ कोमल दिसतो; त्याचे आंदोलन कानानेच घ्यावे लागते. तेथे ध्वनिमुद्रिका उपयोगी पडते. नोव्हेंबर 1902 मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले आणि आपल्याकडे या युगाला आरंभ झाला. त्या काळच्या अनेक तबकड्यांच्या शेवटी कलावंत स्वतःचे नाव उच्चारतो. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत. तेथील कारागिरांना गायक ओळखता यावा, ही त्यामागची सोय. मात्र 78 फेऱ्यांच्या त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम 3 मिनिटे मावत. तेवढ्यात रागाची सावकाश बढत कशी दिसणार? आणि अल्लादिया खाँसाहेब व भास्करबुवा बखले यांचे गाणे तर तबकडीवर उतरलेच नाही. ते कसे होते, हे आज केवळ शिष्यांच्या गायकीवरून आणि आठवणींवरून जाणावे लागते.

तात्पर्य, पुस्तक सांगाडा देते, ध्वनिमुद्रिका श्वास देते आणि दोहोंचा मेळ गुरू घालतो. तिघांपैकी एकालाही वगळता येत नाही.

आता नवापूरच्या एखाद्या विद्यार्थिनीने काय करावे? बोईसरहून मुंबईची गाडी धरावी. नरीमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये संगीताचा मोठा ध्वनिसंग्रह आहे. 1898 साली स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. जाण्यापूर्वी चौकशी करावी आणि रागाचे नाव, चिजेचे पहिले शब्द, ताल व गायकाचे नाव टिपून न्यावे. नुसता ‘यमन’ मागितला तर ढीग पुढे येईल; शब्द सांगितले तर नेमकी चीज हाती येईल. मग एकच बंदिश पुस्तकात पाहावी, दोन घराण्यांच्या गायकांकडून ऐकावी, फरक वहीत लिहावा आणि ती वही गुरूंपुढे ठेवावी.

मोठ्यांचे काम याहून निकडीचे आहे. आपला किनारा खाऱ्या, दमट हवेचा. कॅसेटच्या फितीला बुरशी धरते, कागदाला वाळवी लागते. आजोबांच्या कॅसेटी, जुन्या तबकड्या, हाताने लिहिलेल्या चिजांच्या वह्या रद्दीत जाण्याआधी पाहून घ्याव्यात. लाखेच्या जुन्या तबकड्या स्पिरिटने पुसू नयेत. लाख त्यात विरघळते. कॅसेटी संगणकावर उतरवून घ्याव्यात. आपल्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षे टिकतो. म्हणून खूप जुन्या मुद्रणांच्या बाबतीत ग्रंथालयांची ती अडचण आता उरलेली नाही. उरते ती नोंद ठेवण्याची शिस्त. कोण गायले, कोणता राग, कोणते साल, साथीला कोण, हे घरातल्या जाणत्या माणसाला आजच विचारून लिहून ठेवावे. नोंद नसलेली फीत पुढच्या पिढीला मुकी असते.

‘व्हॉयेजर’वरील तबकडीच्या आवरणावर ती कशी वाजवावी याच्या आकृत्या कोरल्या आहेत, सोबत सुईही ठेवली आहे. ऐकणारा कोण, तो कधी भेटणार, हे ठाऊक नसतानाही पाठविणाऱ्यांनी एवढी काळजी घेतली. आपला ऐकणारा तर घरातच वाढतो आहे. त्याच्यासाठी खोक्यावर एक चिठ्ठी चिकटविणे आपल्याला जड जाऊ नये.