आपला मूळ पुरुष

बिरसीसारख्या गावात "हे गाव कोणी वसविले?" असे विचारावे, तर म्हातारी माणसे सांगतात, "आमच्या आजाच्या आजाने जंगल तोडले, बांध्या घातल्या." हा आजा नेमका केव्हाचा? ते शोधता येते.

आरंभ घरच्या वडील माणसांपासून करा. त्यांना सन विचारू नका. त्या वेळी काय घडले ते विचारा. "भोसल्यांच्या राज्यात आला" म्हटले, तर तो १८५४ पूर्वीचा. "रेल आली तेव्हा होता" म्हटले, तर १८८० च्या सुमाराचा. नागपूरहून राजनांदगावची रेल्वे त्याच काळातली. "छप्पनच्या दुकाळात गेला" म्हणजे संवत १९५६, इसवी सन १८९९-१९००.

मग कागद पाहा. बंदोबस्ताच्या मिसलीत मालगुजार व कुळे सापडतात, कोतवाल बुकात जन्म-मृत्यू. पोवारांकडे भाटांच्या वह्याही असतात. मात्र कारकुनाने नाव कानाने ऐकून लिहिलेले असते. तेव्हा कागदालाही चार प्रश्न विचारा.

आणि एक प्रश्न स्वतःलाही विचारा. आजाने तोडले ते रान त्याआधी कोणाचे होते? या मुलखात गोंड आधीपासून नांदत होते. त्यांचा उल्लेख गाळून लिहिलेली वंशावळ अर्धीच राहील.

मी एम. ए. साठी पेशव्यांच्या सनावळ्या घोकल्या. पण आजीला तिच्या सासऱ्याचे गाव विचारायचे राहूनच गेले. आता सांगणारे कोणी नाही. गुरुजींनो, यंदाच्या सुटीत मुलांना एवढाच गृहपाठ द्या : आजीजवळ बसा, आणि ती सांगेल ते लिहून घ्या.