वसंतोत्सवांचा उगम : ऋतू, आचार आणि कथा

फाल्गुन पौर्णिमेच्या रात्री पेटणारी होळी, चैत्र शुद्ध प्रतिपदेला दारात उभी राहणारी गुढी, मेष संक्रांतीच्या पहाटे केरळातील घरोघरी मांडली जाणारी विषुक्कणी आणि झारखंडातील देवराईत शालवृक्षाच्या फुलांनी साजरा होणारा सरहुल, या उत्सवांमध्ये फार तर सहा-सात आठवड्यांचे अंतर असते. परस्परांपासून शेकडो कोस दूर राहणारे, भिन्न भाषा बोलणारे आणि भिन्न देवतांची उपासना करणारे लोक वर्षाच्या एकाच संधिकाळात उत्सव का करतात, आणि त्या उत्सवांत फुले, कोवळे धान्य, पाणी व अग्नी ही ठरावीक प्रतीकेच पुन्हा पुन्हा का आढळतात, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

एखादा सण कसा सुरू झाला असे विचारले असता सर्वसाधारणपणे उत्तरादाखल एक कथा सांगितली जाते. होळी का पेटवतात, तर हिरण्यकशिपूची बहीण होलिका प्रल्हादाला मांडीवर घेऊन अग्नीत बसली आणि स्वतःच जळून गेली, म्हणून. उत्तर भारतातील मुलाला हे उत्तर पुरेसे वाटते. परंतु तमिळनाडूमध्ये त्याच पौर्णिमेच्या अग्नीचा संबंध शंकराने केलेल्या मदनदहनाशी जोडला जातो. भविष्योत्तर पुराणात रघुराजाच्या राज्यातील ढुंढा नावाच्या राक्षसीची कथा येते. ती मुलांना पीडा देत असे आणि अग्नी पेटवून मुलांनी केलेल्या आरडाओरड्याने व अर्वाच्य शब्दांनी तिचा नाश झाला, असे तेथे म्हटले आहे. महाराष्ट्रात होळीभोवती बोंब मारण्याची जी रीत आहे, तिचे समर्थन या कथेत सापडते. अन्य काही ठिकाणी पूतनेचे नाव घेतले जाते. कथा चार, पण अग्नी एकच, आणि तिथीही एकच.

यावरून एक गोष्ट सूचित होते. कथा ही आचाराची जननी नसून बहुधा त्याचे नंतर दिलेले स्पष्टीकरण असते. प्रल्हादाच्या कथेचा इतिहासही याला दुजोरा देतो. विष्णुपुराणात व भागवतात प्रल्हादाला अग्नीत टाकल्याचा उल्लेख आहे. परंतु त्याला मांडीवर घेऊन बसणारी होलिका नावाची आत्या तेथे भेटत नाही. अग्नीचा उत्सव रूढ असताना त्याला योग्य अशी कथा शोधली गेली आणि ती त्या उत्सवाच्या नावाशी जोडली गेली, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

उत्सवाचे नाव मात्र निश्चितपणे जुने आहे. जैमिनीच्या पूर्वमीमांसासूत्रांवरील शबराच्या भाष्यात 'होलाका' या आचाराचा उल्लेख असून तो प्राच्य, म्हणजे पूर्वेकडील लोक पाळतात, असे तेथे सांगितले आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रात लोकांच्या क्रीडांची जी यादी दिली आहे तीत होलाका तर आहेच, पण तिच्याबरोबर आंब्याची फळे तोडण्याचा, अशोकाची फुले केसांत माळण्याचा, विस्तवावर भाजलेले कोवळे धान्य खाण्याचा आणि नळीने पाणी उडवण्याचा, असे स्वतंत्र खेळही नमूद केले आहेत. आज ज्याला एक सण समजले जाते, त्यातील अनेक अंगे त्या काळी वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या प्रदेशांत नांदत होती, असा याचा अर्थ होतो. सातव्या शतकातील श्रीहर्षाच्या 'रत्नावली' नाटिकेत कौशांबी नगरीतील मदनोत्सवाचे वर्णन आहे. तेथे सुगंधी चूर्णाची उधळण आणि पिचकाऱ्यांनी उडवलेले पाणी आहे, राणी वासवदत्ता अशोकवृक्षाखाली कामदेवाची पूजा करते, परंतु होलिका नाही. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या 'देशीनाममाला' या कोशात फाल्गुनातील उत्सवासाठी 'सुगिम्हअ' हा शब्द नोंदवला आहे. मराठीतील 'शिमगा' आणि गोव्यातील 'शिगमो' ही नावे या शब्दाच्या कुळातील आहेत. त्यात ग्रीष्म हा शब्द दडलेला आहे. येथे कोणत्याही राक्षसीची नव्हे, तर ऋतूचीच स्मृती टिकून राहिली आहे.

अन्य देशांतही हीच गोष्ट दिसून येते. युरोपातील ईस्टरच्या सणात रंगवलेली अंडी देण्याची प्रथा आहे. ही अंडी एका प्राचीन वसंतदेवतेची खूण आहेत, असे पुष्कळदा सांगितले जाते. या देवतेचा आधार म्हणजे बीड या इंग्लंडमधील धर्मपंडिताने इ. स. ७२५ मध्ये लिहिलेल्या कालगणनेवरील ग्रंथातील एक उल्लेख होय. एओस्त्रे नावाच्या देवतेवरून एका महिन्याला नाव पडले होते, एवढेच तेथे म्हटले आहे; अंड्यांविषयी किंवा सशाविषयी बीड काहीही लिहीत नाही. याउलट, मध्ययुगात ईस्टरपूर्वीच्या दीर्घ उपवासकाळात अंडी खाण्यास मनाई होती. कोंबड्यांना उपवासाचे बंधन नसल्यामुळे त्या काळात अंडी साठत, आणि सणाच्या दिवशी ती खाल्ली व वाटली जात. देवतेच्या कथेपेक्षा स्वयंपाकघरातील हे कारण साधे आहे. पण पुराव्याच्या दृष्टीने ते अधिक भक्कम आहे.

मग भारतीय वसंतोत्सवांमागील असे साधे कारण कोणते? त्याचे उत्तर शेतात आणि रानात शोधावे लागते. उत्तर व मध्य भारतात फाल्गुनात रब्बीचे पीक तयार होत आलेले असते. गहू आणि जव यांच्या ओंब्या भरलेल्या असतात, हरभऱ्याचे घाटे टपोरे झालेले असतात. होळीच्या अग्नीत या ओंब्या व घाटे भाजून खाण्याची चाल उत्तरेत आजही आहे. अर्धवट भाजलेल्या शेंगधान्याला संस्कृत वैद्यकग्रंथांत 'होलक' असे नाव आहे. हिंदी भाषक प्रदेशात अशा हरभऱ्याला 'होरहा' म्हणतात आणि महाराष्ट्रातील शेतकऱ्याला तो 'हुळा' म्हणून परिचित आहे. कापणीपूर्वी नव्या धान्याचा पहिला घास अग्नीला देणे आणि मग तो आपण घेणे, हा विधी समजण्यासाठी कोणत्याही कथेची गरज भासत नाही.

रंगाचीही गोष्ट अशीच आहे. माघ-फाल्गुनात पळसाची पाने गळून पडतात आणि संपूर्ण झाड केशरी फुलांनी भरून जाते. ही फुले वाळवून पाण्यात उकळली असता पिवळसर केशरी रंग मिळतो. हिंदी प्रदेशात 'टेसू' म्हणून ओळखला जाणारा हा रंग होळीसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरला जात असे. ज्या काळात रान स्वतः रंग धारण करते, त्याच काळात माणसेही तो अंगावर घेतात. कारखान्यांतील रासायनिक रंग स्वस्त झाल्यावर पळसाचे हे स्थान बहुतांशी गेले. खेळ उरला, परंतु त्या खेळाचा आणि झाडाचा संबंध विसरला गेला.

आदिवासी समाजांत हा संबंध अधिक स्पष्ट स्वरूपात आढळतो. छोटा नागपूरच्या पठारावरील मुंडा, उराँव, हो व संथाळ यांच्या वसंतोत्सवाचे केंद्र शालवृक्षाचे फूल हे आहे. उराँव त्यास सरहुल म्हणतात. मुंडा, हो आणि संथाळ यांच्यात 'बाहा' हे नाव चालते, आणि बाहा या शब्दाचा अर्थच फूल असा आहे. हा उत्सव होईपर्यंत नवी फुले माळू नयेत व रानातील नवी फळे खाऊ नयेत, असा परंपरेचा दंडक आहे. देवराईत गावाचा पुजारी, म्हणजे पाहन, पाण्याने भरलेले घडे ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी त्यांतील पाण्याची पातळी पाहून येत्या पावसाचे भाकीत करतो. उराँव लोक या दिवसाला धरतीचा व सूर्याचा विवाह मानतात. नियम, प्रतीक आणि कथा येथे एकमेकांशी सुसंगत राहिल्या आहेत, कारण तिन्हींचा आधार समोर उभे असलेले जंगल हाच आहे.

वर्षारंभाच्या सणांत प्रतीकांची निवड अशीच स्थानिक वनस्पतींवरून झालेली दिसते. चैत्रात कडुलिंबाला कोवळी पालवी फुटते व पाठोपाठ मोहोर येतो. महाराष्ट्रात गुढीला कडुलिंबाची डहाळी व साखरेची गाठी बांधतात, आणि कडुलिंबाची पाने गुळाबरोबर खातात. आंध्र, तेलंगणा व कर्नाटक या प्रदेशांत उगादीच्या दिवशी कडुलिंबाचा मोहोर, कैरी, चिंच, गूळ, मीठ आणि तिखट यांचे मिश्रण करतात. दूर काश्मीरमध्ये त्याच प्रतिपदेला नवरेह असतो. आदल्या रात्री तांदूळ, अक्रोड, दही, मीठ, नाणे, लेखणी, आरसा आणि नवे पंचांग यांनी भरलेले ताट ठेवून सकाळी उठताच त्याचे दर्शन घेतात. त्या ताटात 'वय' नावाची कडू वनस्पतीही असते. वर्षाच्या पहिल्याच दिवशी गोडाबरोबर कडूचाही स्वीकार करावा, ही कल्पना दख्खनमध्ये कडुलिंबाने व्यक्त केली, तर काश्मीरने आपल्या भूमीतील वनस्पतीने. केरळातील विषुक्कणीचे नवरेहच्या ताटाशी असलेले साम्यही लक्षणीय आहे. तेथेही तांदूळ, आरसा, नाणी, पिवळी काकडी आणि कणिकोन्नाची सोनेरी फुले मांडून पहाटे त्यांचे प्रथमदर्शन घेतले जाते. कणिकोन्ना म्हणजे महाराष्ट्रात सर्वत्र परिचित असलेला बहावा होय.

या आचारांना 'सनातन' म्हणताना मात्र सावध राहिले पाहिजे. उगादीच्या मिश्रणात पुष्कळ घरांत तिखटासाठी मिरची घालतात. आणि मिरची ही मूळची अमेरिका खंडातील असून पोर्तुगीजांच्या आगमनानंतर, सोळाव्या शतकाच्या सुमारास ती भारतात रुजली. रचना जुनी राहिली, तिच्यातील एक पदार्थ बदलला, आणि काही पिढ्यांतच तोही परंपरेचा भाग झाला. आचार टिकतात ते असे बदल पचवूनच.

आता एक अधिक कठीण प्रश्न उरतो. हे सण ऋतूचे असतील, तर ते ऋतूबरोबर राहतात काय? केरळातील 'विषु' हे नाव संस्कृत 'विषुव' या शब्दापासून आले आहे. विषुव म्हणजे दिवस व रात्र समान असण्याचा काळ. वसंतातील हा क्षण २० किंवा २१ मार्चच्या सुमारास येतो. विषूचा सण मात्र १४ एप्रिलच्या सुमारास होतो. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी मेष संक्रांत व वसंतसंपात एकत्र येत असत. परंतु नक्षत्रांवरून मोजलेले वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे असते. त्यामुळे साधारण ७० वर्षांत एक दिवस याप्रमाणे संक्रांत पुढे सरकत गेली आणि आज हे अंतर २४ दिवसांच्या घरात पोहोचले आहे. चांद्रमासही अधिकमासाच्या योगाने याच सौरवर्षाशी बांधलेले असल्यामुळे होळी व पाडवाही त्यांच्याबरोबर सरकत आहेत.

युरोपासमोर हाच प्रश्न ईस्टरच्या निमित्ताने उभा राहिला होता. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेशी बांधलेला तो सण जुन्या पंचांगातील दोषामुळे ऋतूपासून दूर जाऊ लागला, तेव्हा १५८२ मध्ये पोप ग्रेगरी यांनी पंचांगातून १० दिवस गाळून ती चूक सुधारली. भारतात हे कार्य १९५२ मध्ये नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने हाती घेतले. मेघनाद साहा हे तिचे अध्यक्ष होते. समितीच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ या दिवसापासून, भारतीय राष्ट्रीय सौर दिनदर्शिका अमलात आली. तिचा पहिला दिवस वसंतसंपाताच्या लगतचा आहे. धार्मिक सण ज्या ऋतूंत येत आहेत त्यापासून आणखी सरकू नयेत, अशीही समितीची योजना होती. परंतु पंचांगकर्त्यांनी बहुतांशी जुनीच गणना चालू ठेवली.

आज ऋतू आणि सण यांच्यातील दुरावा आणखी एका बाजूने वाढत आहे. केरळात कणिकोन्ना विषूच्या बऱ्याच अगोदर फुलून जात असल्याच्या नोंदी गेल्या काही वर्षांत होत आहेत, आणि बाजारात त्याच्या जागी कृत्रिम फुले विकली जातात. पंचांगाची गती मंद होती. हवामानातील बदलाची गती तशी नाही. प्रतीक ज्या झाडाकडून घेतले, ते झाडच ठरल्या वेळी फुलेनासे झाले, तर कथा सांगितली जाईल, विधीही होईल, परंतु तो कशासाठी आहे हे समजण्याचा मार्ग बंद होईल.

म्हणूनच या सणांचा अभ्यास करताना केवळ कथा गोळा करणे पुरेसे नाही. कोणत्या गावात कोणते फूल, कोणते धान्य आणि कोणते लाकूड वापरले जाते, ते केव्हा उपलब्ध होते, आणि ते मिळेनासे झाल्यावर लोक त्याऐवजी काय घेतात, याची नोंद झाली पाहिजे. छापील पुस्तके, चित्रपट आणि दूरदर्शन यांच्यामुळे एकाच कथेचा प्रसार देशभर होत असताना ढुंढेची, मदनाची किंवा शालवृक्षाची कथा मागे पडणे शक्य आहे. त्या कथेबरोबर त्या प्रदेशातील निसर्गाविषयीचे ज्ञानही नाहीसे होते.

होलाकेच्या संदर्भात मीमांसकांनी दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वी एक प्रश्न चर्चेला घेतला होता. पूर्वेकडील लोक जो आचार पाळतात तो फक्त त्यांचाच समजावा, की सर्वांचा? अशा आचारामागील विधी एका प्रदेशापुरता मर्यादित मानता येणार नाही, तो सर्वांना लागू होतो, असा त्यांनी निर्णय दिला. त्यांचा युक्तिवाद वेदप्रामाण्यावर आधारलेला होता. आजचा अभ्यासक वेगळ्या वाटेने, म्हणजे पीक, झाड आणि सूर्य यांच्या वाटेने, जवळपास त्याच ठिकाणी येऊन पोहोचतो. वसंताचा उत्सव कोणत्याही एका प्रांताची, पंथाची वा जमातीची मिरास नाही. शालाचे फूल, पळसाचा रंग, कडुलिंबाची पालवी आणि बहाव्याचे घोस हे एकाच ऋतूचे निरनिराळ्या भूमींतील आविष्कार आहेत, आणि त्यांतील प्रत्येकाची जपणूक त्या त्या भूमीतच होऊ शकते.